मजुरी कामाची की मजुराची?

कुंभकोणमहून आडुदुरैच्या दिशेने निघाले की तिरुविडैमरुदूर ओलांडल्यावर गोविंदपुरम् हे गाव लागते. तमिळ भाविकांना हे गाव बोधेंद्र स्वामींच्या समाधिस्थानामुळे ठाऊक असते, तर तमिळनाडूत नोकरीधंद्यानिमित्त राहणाऱ्या मराठी माणसांना ते ठाऊक असते अलीकडच्या काळात तिथे उभ्या राहिलेल्या विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरामुळे. १६७६ ते १८५५ या काळातील तंजावरच्या मराठी राजवटीचा परिणाम असा की, या खोऱ्यातील नामसंकीर्तनात आजही मराठी अभंग म्हटले जातात. म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी बोलता येत नाही, पण अभंग पाठ असतात. माझ्यासारख्या मराठी अधिकाऱ्याची बदली या भागात झाली की सुट्टीच्या दिवशी त्याची पावले आपोआप गोविंदपुरम्‌कडे वळतात.

मात्र आजचा लेख मंदिरावर नाही. मंदिराच्या परिसरात आणि त्याच्या पुढेमागे दूरवर भाताची खाचरे पसरलेली आहेत. मेट्टूर धरणाचे पाणी साधारणपणे १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. त्यानंतर कुरुवै, सांबा आणि ताळडी या तीन हंगामांप्रमाणे इथले कृषिजीवन चालते. नांगरट, बांधबंदिस्ती, औषधफवारणी ही पुरुषांची कामे, आणि लावणी व खुरपणी ही बायकांची कामे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. लावणी करणाऱ्या बायका चिखलात कमरेत वाकून दिवसभर काम करतात. रोपांमधले अंतर चुकले तर पीक चुकते, म्हणजे हे कौशल्याचे काम आहे. तरीही त्याचा दिवसाचा दर पुरुषांच्या कामाच्या दरापेक्षा कमी असतो. कारण विचारले तर शेतमालक कायद्याला धरून उत्तर देतो : "काम वेगळे आहे, म्हणून दर वेगळा आहे."

अर्थशास्त्राचा विद्यार्थी असताना आम्हाला शिकवले होते की मजुरी ही सीमान्त उत्पादकतेइतकी असते. त्या सूत्रात बाई की पुरुष हा प्रश्न कुठेच येत नाही. प्रशासनात आल्यावर माझ्या लक्षात आले की मजुरीचा दर ठरण्याआधी आणखी एक गोष्ट ठरते, ती म्हणजे कामाचे नाव. कोणत्या कामाला काय म्हणायचे, ते कोणत्या एककात मोजायचे आणि हजेरीपटावर कुणाचे नाव लिहायचे, हे ज्याच्या हातात असते तो दरही ठरवतो. स्त्री-पुरुष समान वेतनाचा आपल्या देशातील इतिहास मला या तीन प्रश्नांचाच इतिहास वाटतो.

प्रथम या खोऱ्यापुरते पाहू. इथल्या जमीनमालकाला मिरासदार म्हणत. हा शब्द मराठी वाचकाला परका वाटणार नाही. मिरासदाराकडे वर्षानुवर्षे बांधलेला मजूर म्हणजे पण्णैयाळ, आपल्याकडचा सालगडी. हे पण्णैयाळ बहुसंख्येने दलित. मजुरी धान्यात दिली जाई आणि ती मरक्काल या मापाने मोजली जाई. गड्याशी व्यवहार झाला की त्याच्या बायकोचे श्रमही त्याच व्यवहारात आले असे धरले जाई. १९५२ मध्ये राजाजींच्या मंत्रिमंडळाने तंजावर जिल्ह्यातील कुळे व पण्णैयाळ यांच्या संरक्षणासाठी वटहुकूम काढला आणि नंतर कायदा केला. त्याआधीची काही वर्षे या जिल्ह्यात शेतमजुरांचे मोठे आंदोलन चालू होते, आणि त्या आंदोलनाशिवाय तो वटहुकूम निघाला नसता असे माझे मत आहे.

त्या आंदोलनातील एक नाव महाराष्ट्रात फारसे कुणाला माहीत नाही : मणलूरच्या मणियम्मा. ब्राह्मण कुटुंबातील ही बालविधवा आधी काँग्रेसमध्ये आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात काम करू लागली. केस कापून, पुरुषांसारखे धोतर आणि सदरा घालून ती दलित शेतमजुरांच्या वस्त्यांमध्ये फिरत असे. १९५३ मध्ये तिचा मृत्यू झाला. राजम कृष्णन् या तमिळ लेखिकेने तिच्या जीवनावर कादंबरी लिहिली आहे. एका विधवेने मिरासदारांच्याच समाजातून उठून त्यांच्या गड्यांची मजुरी वाढवून मागावी, ही घटना त्या काळात किती अस्वस्थ करणारी असेल याची कल्पना आपल्याकडच्या सुधारकांचा इतिहास वाचलेल्यांना सहज येईल.

याच खोऱ्यात २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री कीळवेण्मणी येथे ४४ दलित माणसांना एका झोपडीत जिवंत जाळण्यात आले. झोपडीत आसरा घेतलेल्यांमध्ये बहुतेक बायका आणि मुले होती. मूळ वाद मजुरीत थोडे भात वाढवून मिळावे याचा होता. सत्र न्यायालयाने आरोपींना शिक्षा दिली, पण पुढे उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. १९६९ मध्ये तमिळनाडूने शेतमजुरांच्या रास्त मजुरीचा कायदा केला. या घटनेनंतर कृष्णम्माळ जगन्नाथन् आणि त्यांचे पती शंकरलिंगम् जगन्नाथन् हे सर्वोदयी दाम्पत्य या भागात येऊन राहिले. दोघेही विनोबांच्या भूदान चळवळीत काम केलेले. १९८१ मध्ये त्यांनी लाफ्टी ही संस्था स्थापन केली आणि मालकांशी वाटाघाटी करून व कर्ज उभारून जमिनी विकत घेतल्या. त्या त्यांनी भूमिहीन कुटुंबांना दिल्या, आणि कागदावर नाव बाईचे लावले. नाव बाईचे लावण्याचा हा आग्रह मला या सगळ्या कामातील सर्वांत महत्त्वाचा प्रशासकीय निर्णय वाटतो. पुढे याचा संबंध येईल.

आता देशपातळीवर. १९५०-५१ मध्ये झालेली शेतमजुरांची पहिली अखिल भारतीय चौकशी हा आमच्या पिढीच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला दस्तऐवज. त्यात शेतमजूर पुरुषाची सरासरी रोजची मजुरी १०९ पैसे आणि स्त्रीची ६८ पैसे आढळली. १९५६-५७ च्या दुसऱ्या चौकशीत हे आकडे ९६ आणि ५९ असे होते. म्हणजे मधल्या काळात दोघांचीही मजुरी उतरली, पण त्यांच्यातले गुणोत्तर जवळजवळ तेच राहिले : पुरुषाच्या रुपयाला स्त्रीचे साधारण बासष्ट पैसे. बाजारात मागणी-पुरवठा हलतो तेव्हा दर हलतात. गुणोत्तर हलत नसेल तर ते बाजाराने ठरवलेले नाही, रूढीने ठरवलेले आहे, असा निष्कर्ष काढायला हरकत नाही.

याच काळात आपल्या संविधानात अनुच्छेद ३९ (घ) होता. स्त्री-पुरुषांना समान कामाबद्दल समान वेतन मिळावे या दिशेने राज्याने धोरण आखावे, असे तो सांगतो. १९५८ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या समान मोबदल्याविषयीच्या १०० क्रमांकाच्या करारास मान्यताही दिली. आणि तरीही १९४८ च्या किमान वेतन कायद्याखाली राज्य सरकारे ज्या अधिसूचना काढीत, त्यांपैकी अनेकांत शेतमजुरीच्या तक्त्याला पुरुष, स्त्री आणि बालक असे तीन स्तंभ असत. हे तक्ते कुणी जुलमी सावकाराने तयार केलेले नव्हते. ते माझ्यासारख्याच अधिकाऱ्यांनी, बहुधा पूर्वीची फाईल पुढे ठेवून, तयार केले होते. सचिवालयात मागच्या तक्त्याला किती वजन असते हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही.

डिसेंबर १९७४ मध्ये फुलरेणू गुहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने स्त्रियांच्या स्थितीवरचा आपला अहवाल सादर केला. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षीच्या २६ सप्टेंबरला समान मोबदल्याचा वटहुकूम निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. हळूहळू तक्त्यातले स्त्री-पुरुष हे स्तंभ नाहीसे झाले. त्यांच्या जागी कामांची नावे आली. कायदा 'तेच किंवा त्याच स्वरूपाचे काम' यासाठी समान वेतन मागत होता. मग काम वेगळ्या स्वरूपाचे आहे एवढे दाखवले की पुरत होते. शेतीत ते दाखवावेही लागत नव्हते, कारण लावणी आणि नांगरट यांची वाटणी आधीच झालेली होती.

वेगळे काम म्हणजे काय, याची कसोटी शेतात लागली नाही. ती मुंबईत, आणि तीही इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदार स्त्रियांच्या खटल्यांतून लागली. त्यातले दोन खटले प्रशासनातील प्रत्येकाने वाचावेत असे आहेत.

पहिला एअर इंडियाचा. हवाई सुंदरी आणि असिस्टंट फ्लाइट पर्सर हे विमानात बऱ्याच अंशी सारखेच काम करीत. पर्सर पुरुष असे आणि तो ५८ व्या वर्षी निवृत्त होई. हवाई सुंदरी मात्र ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले तर लग्नानंतर, किंवा पहिल्या गरोदरपणी, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा निवृत्त होई. नर्गेश मिर्झा आणि इतरांच्या खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिला. गरोदरपणाचे कलम न्यायालयाने रद्द केले आणि मुदतवाढीचा व्यवस्थापकीय संचालकांचा मनमानी अधिकारही रद्द केला. पण दोन पदांच्या सेवाशर्तींमधला भेद कायम ठेवला. कारण काय, तर ही दोन स्वतंत्र संवर्गांतली पदे आहेत, त्यांची भरती वेगळी, बढतीचे मार्ग वेगळे. केंद्र सरकारनेही १५ जून १९७९ रोजी समान मोबदला कायद्याच्या कलम १६ खाली घोषित केले होते की हा फरक लिंगावर आधारलेला नाही. न्यायालयाने तीही विचारात घेतली.

मुळात त्या काळात हवाई सुंदरी या पदावर फक्त बाईच येऊ शकत होती. पद केवळ बायकांसाठी निर्माण करायचे, त्याचा संवर्ग वेगळा करायचा, आणि मग म्हणायचे की फरक संवर्गामुळे आहे, बाई असल्यामुळे नाही. संवर्ग म्हणजे काय आणि तो कसा निर्माण होतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या युक्तिवादातील वर्तुळ लगेच दिसेल.

दुसरा खटला मॅकिनन मॅकेंझी या जहाजवाहतुकीशी संबंधित कंपनीचा. ऑड्री डिकोस्टा या तिथे कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर होत्या. पदनामातच 'लेडी' हा शब्द होता. कंपनीतील पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्यापेक्षा अधिक वेतन मिळत असे. १९७७ मध्ये डिकोस्टा यांची सेवा संपुष्टात आली आणि त्यांनी फरकाची रक्कम मागितली. कंपनीचे म्हणणे असे की लेडी स्टेनोग्राफर या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी जोडलेल्या आहेत, त्यांचे काम वेगळे. शिवाय त्या पदावर एकही पुरुष नाही, मग तुलना करायची कुणाशी? आणखी एक मुद्दा होता तो कामगार संघटनेशी झालेल्या वेतनकराराचा. पहिल्या पायरीवर डिकोस्टा हरल्या. १९८२ मध्ये मुंबईच्या श्रम उपायुक्तांनी अपिलात त्यांच्या बाजूने निर्णय दिला. कंपनी उच्च न्यायालयात दोनदा हरली आणि सर्वोच्च न्यायालयात गेली. मार्च १९८७ मध्ये तिथेही हरली.

न्यायालयाने सांगितले की पदनामाकडे न पाहता प्रत्यक्ष कामाकडे पाहावे. बारीकसारीक फरक असले तरी काम व्यवहारात सारखे असेल तर वेतन सारखे द्यावे. बाईला विश्वासू सहायक म्हणून साहेबाच्या केबिनबाहेर बसवायचे आणि त्याच कारणाने तिला कमी पगार द्यायचा, हे चालणार नाही. कंपनीची आर्थिक स्थिती चांगली नाही हाही बचाव होऊ शकत नाही, असेही न्यायालयाने म्हटले. फरकाची रक्कम सुमारे सात हजार रुपये होती आणि ती मिळायला दहा वर्षे लागली. श्रम खात्यातील त्या उपायुक्तांच्या आदेशाचे मला विशेष महत्त्व वाटते. खालच्या पायरीवरच्या एका अधिकाऱ्याने कामाचे नाव बाजूला ठेवून काम पाहिले, एवढीच ती गोष्ट आहे.

जाता जाता एक निरीक्षण. 'समान काम, समान वेतन' या तत्त्वाचा आपल्या न्यायालयांत सर्वाधिक उद्धृत होणारा निकाल १९८२ मधला रणधीर सिंग यांचा आहे. ते दिल्ली पोलिसांत ड्रायव्हर-कॉन्स्टेबल होते. पुढे हजारो सरकारी पुरुष कर्मचाऱ्यांनी वेतनश्रेणीच्या दाव्यांत या तत्त्वाचा आधार घेतला. बायकांसाठी लिहिलेल्या घोषणेचा वापर वेतनश्रेणीच्या वादातील पुरुषांनीच अधिक केला!

समान मजुरी प्रत्यक्षात कधी मिळाली याचे एक जुने आणि काहीसे विचित्र उदाहरण दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले आहे. कोळशाच्या खाणीत जमिनीखाली बायकांना कामाला लावण्यास १९३७ पासून बंदी होती. युद्धात कोळसा कमी पडू लागला तेव्हा १९४३ मध्ये ती उठवण्यात आली. देशात आणि ब्रिटनमध्येही यावर टीका झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील श्रमविभागाचे सदस्य म्हणून सरकारची बाजू मांडली. तेव्हा त्यांनी सांगितले की या स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी दिली जाणार आहे आणि एखाद्या उद्योगात हे तत्त्व प्रथमच मान्य होत आहे. हेच बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात मातृत्व लाभ विधेयकाच्या बाजूने बोलले होते. १९४६ मध्ये खाणीतील बंदी पुन्हा लागू झाली आणि त्या बायकांचे ते कामही गेले. बायकांना समान मजुरी मिळाली ती अशा कामात, जे त्यांनी करू नये असे सगळ्यांचेच म्हणणे होते.

यापेक्षा टिकाऊ आणि व्यापक उदाहरण महाराष्ट्राचे आहे, आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाने त्याबद्दल अभिमान बाळगावा असे ते आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून सांगली जिल्ह्यातल्या विसापूर परिसरात प्रयोग म्हणून सुरू झालेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोहोचली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. शहरातल्या पगारदारांकडून कापला जाणारा व्यवसाय कर या योजनेच्या खर्चासाठीच आणला गेला होता, हे आज अनेकांना आठवत नाही. योजनेत दर कामाला होता : इतके घनमीटर मुरूम खोदला तर इतके रुपये, इतकी खडी फोडली तर इतके. सर्वसाधारण मजुराने सात तास नेटाने काम केले तर किमान वेतनाइतकी मजुरी पडावी, असा दर बेतलेला असे. माप घेणाऱ्या अभियंत्याला खड्डा कुणी खोदला हे विचारण्याचे कारण नव्हते. बायका मोठ्या संख्येने या कामांवर आल्या, अनेक ठिकाणी निम्म्याच्या आसपास.

नोकरीच्या अगदी पहिल्या वर्षांत प्रशिक्षणाचा भाग म्हणून मी मराठवाड्यातील एका पाझर तलावाच्या कामावर काही दिवस होतो. तिथे योजनेची ताकदही दिसली आणि तिची फटही दिसली. मजुरी गँगला मिळे आणि गँग ती आपसात वाटून घेई. खोदणारे बहुतेक पुरुष, घमेली वाहणाऱ्या बहुतेक बायका. माप खड्ड्याचे होई. घमेली किती लांब आणि किती उंच वाहिली याचा हिशेब दरसूचीत 'लीड' आणि 'लिफ्ट' म्हणून असे, पण तो लावायचा की नाही हे जागेवरचा माणूस ठरवी. म्हणजे बायकांच्या मेहनतीचा भाग मोजमापाच्या पुस्तकात ऐच्छिक झाला होता. हजेरीपटावर काही नोंदी तर अशा होत्या की नवऱ्याचे नाव आणि पुढे 'व पत्नी'. मी मुकादमाला विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, पैसे एकाच घरात जातात ना!"

केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा महाराष्ट्राच्या अनुभवावरच उभा राहिला होता. समान मजुरी, लाभार्थींत किमान एक तृतीयांश स्त्रिया, पाच किलोमीटरच्या आत काम, आणि सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर पाळणाघर, या तरतुदी त्यात होत्या. पुढे मजुरी प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात जमा होऊ लागली, त्यामुळे 'व पत्नी' ही नोंद अशक्य झाली. तमिळनाडूत या कामाला लोक 'नूरु नाळ वेलै', म्हणजे शंभर दिवसांचे काम म्हणत. इथे एकूण मनुष्यदिवसांत स्त्रियांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला. देशात तो निम्म्याहून अधिक होता. कावेरीच्या खोऱ्यातले शेतमालक तक्रार करीत की बायका लावणीला येत नाहीत, आल्या तर जास्त पैसे मागतात. ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत तिचा अर्थ इतकाच की, ज्या मजुरीखाली बाई कामाला यायला तयार नाही, ती पातळी वर गेली. १९५० मध्ये रूढीने ठरलेले गुणोत्तर हलवणारी ही पहिलीच गोष्ट असावी. पुरुष या कामावर कमी आले, कारण त्यांना बाहेर यापेक्षा जास्त मजुरी मिळत होती. बायकांना मिळत नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात दिवसांची हमी १२५ पर्यंत नेली आहे, मात्र पेरणी-कापणीच्या ऐन हंगामात काही काळ कामे थांबवण्याचीही सोय ठेवली आहे. शेतमालकांची तक्रार बहुधा दिल्लीपर्यंत पोहोचली असावी.

आता 'व पत्नी'कडे पुन्हा वळू. गोविंदपुरम्‌पासून कुंभकोणमच्या दिशेने जाताना तिरुभुवनम् लागते. इथल्या रेशमी साड्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मागावर बहुधा पुरुष बसतो, सहकारी संस्थेचा सभासदही तोच, आणि मजुरी साडीमागे मिळते. कांड्या भरणे, ताणा लावायला हात देणे, तुटलेले धागे सांधणे ही कामे घरातल्या बायका करतात. साडीच्या मजुरीत ती धरलेली आहेत असे म्हणतात. धरलेली असतीलही, पण वेगळी दाखवलेली नाहीत. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेत देशातील विणकरांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया आढळल्या. यात ईशान्य भारताचा वाटा मोठा आहे हे खरे, पण 'विणकर' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पुरुष येतो हेही खरे.

तिरुभुवनम्‌ला हे पाहताना मला बीडच्या ऊसतोड मजुरांची आठवण होते. तिथे मजुरीचे एकक 'कोयता' हे आहे, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. उचल मुकादमाकडून नवरा घेतो, दर टनावर ठरतो, आणि हिशेब जोडीचा होतो. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते. एक दिवस कामाला आली नाही तर तिचा खाडा जोडीच्या हिशेबातून कापला जातो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गाजली आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. चर्चा आरोग्याची झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण प्रशासकीय प्रश्न असा होता की ज्या बाईच्या नावावर एक रुपयाही मजुरी नोंदलेली नाही, तिच्या गैरहजेरीबद्दल मात्र दंड वसूल होतो, हे कोणत्या कायद्यात बसते? समान मोबदल्याचा कायदा इथे लागू करायचा तर आधी तिचा मोबदला किती हे तरी कागदावर हवे. जोडीच्या हिशेबात ती विषमता दिसतच नाही. पण्णैयाळाच्या बायकोची स्थिती याहून फार वेगळी नव्हती. म्हणूनच मी वर म्हटले की कृष्णम्माळ यांनी कागदावर बाईचे नाव लावले, हा मोठा निर्णय होता.

घरातल्या कामाचे तर बोलायलाच नको. २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत असे आढळले की बिनमोबदल्याची घरकामे करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ असे होते. बायकांची दहा मिनिटे वाचली, पण पुरुषांचीही नऊ वाचली! सप्टेंबर २०२३ मध्ये तमिळनाडूने कुटुंबातील स्त्रियांना दरमहा १,००० रुपये देण्याची योजना सुरू केली, तिचे नाव 'मगळिर उरिमै तोगै', म्हणजे स्त्रियांच्या हक्काची रक्कम. महाराष्ट्राने २०२४ मध्ये १,५०० रुपयांची योजना सुरू केली, ती लाडक्या बहिणीच्या नावाने. रक्कम आपली मोठी होती. हक्क आणि लाड यांतला फरक मात्र मराठी वाचकाला मी समजावून सांगायला नको.

नावांचा हा खेळ सर्वांत मोठ्या प्रमाणावर खेळणारा मालक म्हणजे सरकार. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, समान मोबदल्याच्या वटहुकमानंतर अवघ्या सहा दिवसांनी. अंगणवाडी सेविकेचे पद 'मानसेवी' ठरवले गेले आणि तिला मिळणाऱ्या पैशाला 'मानधन' म्हटले गेले. पगार म्हटले की वेतन आयोग, महागाई भत्ता, रजा, निवृत्तिवेतन सगळे मागोमाग येते. मानधन म्हटले की यातले काहीच येत नाही, आणि किमान वेतनाशी तुलनाही टळते. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले. त्यात राज्ये आपापली भर घालतात. पुढे आशा कार्यकर्ती आली तेव्हा तिच्या पैशाला 'प्रोत्साहनपर मोबदला' असे आणखी एक नाव मिळाले. लसीकरण, पोषण, गरोदर मातांची नोंद, निवडणुकीची कामे, साथीच्या काळातले सर्वेक्षण, ही सगळी कामे या बायका करतात, आणि आम्ही अधिकारी आढावा बैठकीत त्यांच्याच आकड्यांवर बोलतो.

तमिळनाडूत याच पदांना विशेष वेतनश्रेणी दिलेली आहे. योजना एकच, रजिस्टरेही तीच, पण एका राज्यात त्या बाईच्या पैशाला वेतन म्हणतात आणि दुसऱ्या राज्यात मानधन. महाराष्ट्रात २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अंगणवाडी सेविकांनी जवळजवळ महिनाभर संप केला तेव्हा माझ्या एका सहकाऱ्याने विचारले होते की मानसेवी माणसाला संप करता येतो का. त्याचे उत्तर २५ एप्रिल २०२२ रोजी वेगळ्याच वाटेने आले. गुजरातमधल्या सेविका व मदतनिसांच्या अपिलांवर न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठाने निकाल दिला की १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा त्यांना लागू होतो, आणि त्या कायद्यापुरते मानधन हे वेतनच आहे. १९७६ चा समान मोबदला कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहितेत विलीन झाला आहे. संहितेतही 'तेच किंवा त्याच स्वरूपाचे काम' हेच शब्द आहेत. अंगणवाडी सेविकेच्या कामाची तुलना सरकारातल्या कोणत्या पुरुषाच्या कामाशी करायची, हे अजून कुणी ठरवलेले नाही.